नळाच्या पोटात काय दडले आहे?

पाणी यायच्या दिवशी आमच्या टिळकवाडीतील घराला पहाटेच जाग येई. हंडे, कळश्या, पिंप, बादल्या असा सारा सरंजाम आदल्या रात्रीच घासूनपुसून मोरीपाशी रांगेने मांडलेला असे. तोटी मुद्दाम उघडी ठेवलेली असे. प्रथम ती नुसताच वारा सोडी, मग दोनतीन उचक्या देई, आणि त्यापाठोपाठ पाणी येई. पण ते पाणी कसले! गेरू कालवून सोडावा तसा तो तांबडा लोंढा पाहून आमच्या सासूबाई म्हणत, “आज नळाने पुन्हा गेरू खाल्लेला दिसतो!” पहिल्या चारपाच बादल्या अंगणातील झाडांना जात. पाणी नितळ झाले म्हणजे आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकून हंडे भरावयास घेत असू. आणि त्याच नितळ पाण्याची एखादी बादली तासाभराने पाहावी, तर तिच्यात पिवळसर झाक आलेली असे!

पुष्कळ वर्षे आमची अशी ठाम समजूत होती की, रस्त्यातील नळ कोठेतरी फुटलेला असून बेळगावची तांबडी माती त्यातून आत शिरते. आम्ही तक्रारी केल्या. माणसे आली, पाहून गेली. शेजारच्या घरी पाणी तितकेसे तांबडे येत नाही, हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते. पण दोष बाहेरच असतो असे मानण्यात मनाला एक सोय असते. अखेर नळाची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा प्लंबरला बोलावले. त्याने फाटकापासून मोरीपर्यंतच्या जुन्या जी. आय. नळाचा हातभर तुकडा कापून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “बघा की काकू, ह्यातनं पाणी येतंय तेच नवल!”

मी त्या तुकड्यातून उजेडाकडे पाहिले. बाहेरून चांगला अंगठ्याएवढा दिसणारा तो नळ आतून तांबूस, तपकिरी, काळ्या गाठींनी भरून गेला होता. मधोमध पेन्सिल जेमतेम शिरेल एवढी वाकडीतिकडी वाट उरली होती. वर्षानुवर्षे आमच्या घरातील पाणी, म्हणजे चहा, वरण, बाळाचे दूध आणि देवापुढचा तांब्या, त्या वाटेने आले होते. तो तुकडा मी टाकून दिला नाही. नळाच्या पोटात असते तरी काय, याचा शोध घेण्याची खरी इच्छा मला त्या दिवशी झाली.

माती आणि गंज : एकाच घरातील दोघे

प्रथम त्या मातीविषयीच्या समजुतीचे पाहू. ती अगदीच वेडगळ नव्हती. ज्या जांभ्या दगडाची घरे आपण बेळगावात आणि खाली कोकणात पाहतो, त्याचा तांबडा रंग लोहाचाच असतो. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातील विरघळणारे क्षार वाहून नेले आणि मागे राहिली ती लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. गोएथाइट आणि हेमाटाइट ही त्या तांबड्या मातीतील लोहखनिजे होत. आणि मौज अशी की, नळाच्या गंजात सापडणारे मुख्य द्रव्यही गोएथाइटच. तेव्हा नळातून माती येते असे म्हणणारा रंगाच्या दृष्टीने फारसा चुकत नाही; फक्त ती माती बाहेरून आत आलेली नसून नळानेच स्वत:ला खाऊन घरात तयार केलेली असते.

लोखंड हे निसर्गात बहुधा शुद्ध सापडत नाही. मनुष्य भट्टी पेटवून, कोळसा जाळून, खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो तेव्हा लोखंड हाती येते. पाणी आणि प्राणवायू भेटले की ते पुन्हा आपल्या मूळ रूपाकडे परत निघते. ही परतीची वाट म्हणजेच गंज. लोखंडाचा अंश प्रथम पाण्यात विरघळतो. या अवस्थेत त्याला रंग जवळजवळ नसतो. त्याला फेरस लोह म्हणतात. पुढे प्राणवायूशी संयोग झाला की त्याचे फेरिक लोह होते. ते पाण्यात विरघळत नाही, तांबडे-पिवळे कण होऊन वेगळे पडते. बादलीतील नितळ पाणी तासाभराने पिवळे का पडते, या आमच्या जुन्या कोड्याचे उत्तर हेच होय. ते पाणी नितळ होते, पण लोहमुक्त नव्हते. वारा लागताच आतले लोह उघडे पडले.

जी. आय. नळावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त लोखंडाच्या आधी स्वत: झिजते आणि तोपर्यंत लोखंडाला राखते. परंतु ही ढाल कायमची नव्हे. शिवाय जोडासाठी आटे पाडले जातात तेथे मुलामा कापला जातो. म्हणून गळतीचा आरंभ बहुधा आट्यांपाशी होतो. रस्त्यातील जुन्या वाहिन्या बिडाच्या असत. बीड फार टिकाऊ. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्याला पाणी नेण्यासाठी सतराव्या शतकात घातलेल्या बिडाच्या नळांनी तीनशेहून अधिक वर्षे सेवा केली. पण बिडाचाही एक कपटी रोग आहे : त्यातील लोखंड हळूहळू निघून जाते आणि मागे काजळीसारखे ग्रॅफाइट राहते. नळाचा आकार जसाच्या तसा दिसतो, पण चाकूने खरवडावा इतका तो मऊ झालेला असतो. आणि मग एखादा जड ट्रक वरून गेला की तो फुटतो.

गाठींची रचना

माझ्या त्या तुकड्यातील गाठी म्हणजे नुसता चिकटलेला मळ असावा, असे मला वाटले होते. तसे नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी जुन्या नळांतील अशा गाठी कापून तपासल्या तेव्हा त्यांची रचना एखाद्या फळासारखी असल्याचे दिसून आले. वर भुसभुशीत, तांबूस-पिवळा थर. त्याखाली कठीण, काळपट कवच. ते मॅग्नेटाइट आणि गोएथाइट यांचे. आणि कवचाच्या आत सच्छिद्र, ओला गाभा, ज्यात फेरस लोह साठून राहिलेले असते. बाहेर प्राणवायूयुक्त पाणी आणि आत प्राणवायूवाचून कोंडलेले लोह, या दोहोंमध्ये ते कवच भिंतीसारखे उभे असते.

ही भिंत आहे तोवर गाठ एका परीने उपकारकच असते. तिच्यामुळे खालच्या लोखंडाची झीज मंदावते. म्हणूनच गंजलेल्या नळातून पाणी संथपणे, अखंड वाहत असेल तर ते वर्षानुवर्षे स्वच्छ येऊ शकते. गाठीचे नुकसान एवढेच की ती जागा खाते. लोखंडापासून झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आणि नळाचा व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मे होत नाही. तेवढ्याच दाबाला ते जवळजवळ एक षष्ठांश होते. धार करंगळीएवढी झाली असता आपण ‘दाब कमी झाला’ म्हणतो. पुष्कळदा दाब असतो तेवढाच असतो, वाट अडलेली असते.

मग बिघडते कोठे? पाणी थांबते तेथे. वाहते पाणी गाठीला सतत प्राणवायू पुरवीत असते. ते थांबले की काही तासांत नळातला प्राणवायू संपतो. तेव्हा खालचे लोखंड एक विलक्षण गोष्ट करते : प्राणवायू मिळेना म्हणून ते वरच्या तांबड्या गंजातीलच ऑक्सिजनयुक्त द्रव्यावर भूक भागविते. तांबड्या गंजाचे पुन्हा फेरस लोह होते आणि ते थांबलेल्या पाण्यात उतरते. कवच दुबळे होते. आणि मग एकाएकी पाणी जोराने सोडले की सुटलेले कण, खपल्या, विरघळलेले लोह असे सारे एकदम तोटीशी येते. आमचा पहाटेचा ‘गेरू’ तो हाच.

विहीर दिसते, नळ दिसत नाही

टिळकवाडीचे आणि पाण्याचे नाते जुने आहे. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले, तेव्हा जमणाऱ्या समुदायासाठी एक मोठी विहीर खोदण्यात आली. ‘काँग्रेस विहीर’ या नावाने ती आजही ओळखली जाते. जुन्या घरांच्या परसातही आड असत. विहिरीचे एक बरे असते. तिच्यात डोकावता येते; पाणी गढूळले, पाला पडला, कोणी काही टाकले, तर दिसते. १९६२ साली मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशय झाला, पुढे घटप्रभेवरील हिडकल धरणाचे पाणीही शहरात आले, आणि नळाने घराघरातील बायकांच्या पाठीवरचा भार उतरविला. ते उपकार कोण विसरेल? परंतु त्याबरोबरच पाणी आपल्या दृष्टीआड गेले. राकसकोपची पातळी किती फूट झाली हे पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात रोज उत्सुकतेने वाचतो; आपल्या फाटकापासून मोरीपर्यंतच्या दहा-वीस हातांत काय चालले आहे, ते मात्र कोणी छापीत नाही.

आपल्याकडील बहुसंख्य शहरांप्रमाणे बेळगावातही पाणी ठराविक दिवशी, ठराविक वेळ सोडण्याची पद्धत रूढ झाली. अशा खंडित पुरवठ्यात नळ एकदा भरतो आणि मग रिकामा पडतो. ओले लोखंड आणि आत शिरलेली हवा. गंजाला याहून सोयीचे काही नाही. आणि याहून मोठी भीती दुसरीच असते. भरलेल्या नळाला गळती असेल तर पाणी बाहेर जाते. रिकाम्या, दाब नसलेल्या नळाला तीच गळती बाहेरचे आत ओढते. नळाशेजारीच गटार असेल तर काय होईल, हे सांगावयास नको. त्यात कोणी घरातील नळाला थेट मोटर लावून पाणी ओढू लागला, तर ही ओढ अधिकच वाढते. मोटर लावणारा केवळ शेजाऱ्याचे पाणी पळवीत नाही, गटारातील घाणीलाही आमंत्रण देतो.

या बाबतीत आपल्या शेजारच्याच हुबळी-धारवाडची साक्ष उपलब्ध आहे. कर्नाटक शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत, नवे नळ टाकून, चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग केला. २००८ च्या सुमारास हे पाणी सुरू झाले. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये दोन्ही पद्धतींच्या नळांचे नमुने तपासले. खंडित पुरवठ्याच्या भागात मैलायुक्त प्रदूषणाची खूण असलेले ई. कोलाय जंतू जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत आढळले. अखंड पुरवठ्याच्या भागात शंभरात एकाही नमुन्याइतके नाहीत. शहरे तीच होती. फरक होता तो नव्या, सदैव भरलेल्या नळांचा.

लोह अपाय करते का?

आता गृहिणीचा खरा प्रश्न : हे पाणी पोटात गेले तर काय होते? लोहाविषयी तरी घाबरण्याचे कारण नाही. आपण लोखंडी तव्यावर भाकरी भाजतो, लोखंडी कढईत भाजी परततो. शरीराला लोह लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेनेही पिण्याच्या पाण्यातील लोहासाठी आरोग्याच्या कारणास्तव मर्यादा घातलेली नाही. लिटरला सुमारे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेले की कपड्यांवर व भांड्यांवर डाग पडू लागतात, एवढेच तिने नमूद केले आहे. ज्यांच्या शरीरात लोह साठून राहण्याचा विकार आहे, किंवा थॅलेसेमियासारख्या कारणाने ज्यांना वरचेवर रक्त द्यावे लागते, त्यांनी मात्र वैद्याचा सल्ला घ्यावा.

धोका लोहाचा नसून लोहाच्या आडून घडणाऱ्या गोष्टींचा आहे. जलशुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात क्लोरीन मिसळलेला असतो, तो वाटेतील जंतूंचा समाचार घेण्यासाठी. भारतीय मानकाप्रमाणे तो आपल्या तोटीपर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी शिल्लक राहावयास हवा. परंतु विरघळलेले लोह क्लोरीन खाते. एक मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन संपविते. याचा हिशेब करून पाहा. ज्या ०.३ मिलिग्रॅम लोहाने धोतरावर डाग पडू लागतो, तेवढेच लोह तो शिल्लक राहिलेला जवळजवळ सारा पहारेकरी गिळून टाकण्यास पुरेसे आहे. शिवाय खडबडीत गाठींच्या आडोशाला जंतूंचे बुळबुळीत थर सुखाने वाढतात. काही जातींचे जंतू तर लोहावरच आपली उपजीविका करतात. शिसे, मँगनीज, आर्सेनिक यांसारखी द्रव्येही गंज आपल्या अंगी धरून ठेवतो आणि खपली सुटली की तिच्याबरोबर सोडतो.

तांबड्या पाण्याला नुसता रंग म्हणून झिडकारले तर काय ओढवते, याचा धडा अमेरिकेतील फ्लिंट या शहराने घेतला. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी त्या शहराने पाण्याचा स्रोत बदलला आणि नळांना राखणारे फॉस्फेट पाण्यात मिसळले नाही. लवकरच तांबडे, दुर्गंधीयुक्त पाणी येऊ लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथील मोटार कारखान्याने, इंजिनाचे भाग गंजतात म्हणून, ते पाणी घेणे बंद केले. नागरिकांना मात्र पाणी सुरक्षित असल्याचे सांगितले जात राहिले. शिशाच्या जुन्या नळांतून शिसे सुटून मुलांच्या रक्तात गेले. त्या काळात पसरलेल्या लीजनेअर रोगाने किमान बारा माणसे दगावली. त्यापूर्वी १९९२ साली टुसॉन शहरात कोलोरॅडो नदीचे नवे पाणी जुन्या नळांत सोडताच घरोघर गंजाचे पाणी येऊ लागले आणि दोन वर्षांत ते बंद करावे लागले. जुन्या नळाने एका पाण्याशी जमवून घेतलेले असते. पाणी बदलले की तो समेट मोडतो. एकाहून अधिक जलाशयांचे पाणी घेणाऱ्या प्रत्येक गावाने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

घरात काय करावे?

प्रथम दोष कोणाचा ते ठरवावे. पाणी येताच एका पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यात पहिली धार धरावी, दुसरी पाच मिनिटांनी, तिसरी अर्ध्या तासाने. पहिलीच तेवढी तांबडी असेल आणि शेजाऱ्यांकडे तसे नसेल, तर बहुधा आपल्याच घरातील नळ झिजला आहे. साऱ्या गल्लीत तांबडे येत असेल आणि लवकर निवळत नसेल, तर वाहिनीचा दोष. तेव्हा चार घरांनी मिळून, भांड्यातील नमुन्यासह तक्रार करावी. एकट्याच्या तक्रारीपेक्षा ती अधिक ऐकली जाते. पाणी नितळ दिसले तरी चहा नेहमीपेक्षा काळा होत असेल, तर त्यात लोह आहे असे समजावे. चहातील टॅनिन आणि लोह मिळून काळा रंग होतो. आपल्या पूर्वजांची हिरडा आणि हिराकस यांची शाई याच न्यायाने होत असे.

नळ बदलावयाचा तर फाटकापासून आतपर्यंत सारा बदलावा. मध्येच हातभर नवा तुकडा घालून भागत नाही. तांब्याचा नळ थेट लोखंडी नळाला जोडू नये, लोखंड अधिक वेगाने झिजते. पाण्याची टाकी वर्षातून दोनदा तरी गाळ काढून धुवावी. पिण्याचे पाणी पसरट भांड्यात रात्रभर झाकून ठेवले तर बरेचसे लोह तळाशी बसते; वरचे पाणी हळूच ओतून, गाळून, मग उकळावे. तोटीला बांधलेले फडके कण अडविते, विरघळलेले लोह किंवा जंतू अडवीत नाही. आणि तेच फडके आठवडाभर न बदलल्यास त्याचीच घाण होते. कपड्यांवरील तांबड्या डागांना ब्लीचिंग लावू नये, डाग पक्का होतो. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवावे.

आणि शेवटची गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. नळ बदलल्यानंतर आमच्याकडील पाणी स्फटिकासारखे येऊ लागले. आम्ही निर्धास्त झालो. उकळण्याचा कंटाळा करू लागलो. त्याच पावसाळ्यात आमच्या नातवाला कावीळ झाली. ती त्या पाण्यानेच झाली असे मी म्हणणार नाही. शाळेत, बाजारात मूल काय पिते हे कोणी पाहिले आहे? पण तीन आठवडे त्याच्या उशाशी बसले असता माझ्या मनात एकच विचार घोळत होता : तांबडे पाणी येत होते तेव्हा आम्ही सावध होतो, पाणी नितळ झाले आणि आमची सावधगिरी संपली. रंग हा शत्रू नव्हता. तो बिचारा ओरडून सांगत होता की, आत काही बिघडले आहे. खरा शत्रू रंग घेऊन येत नाही.

तेव्हापासून पाणी उकळण्याचा नेम मोडलेला नाही. आणि पाण्याची तक्रार करताना ‘पाणी स्वच्छ दिसत नाही’ एवढेच मी म्हणत नाही. ‘आमच्या तोटीशी क्लोरीन किती उरतो ते तपासा’ असे म्हणते. तपासणीची पेटी लहानशी असते, काम पाच मिनिटांचे असते. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा जेथे कोठे आपली घरे जुन्या नळांवर उभी आहेत, तेथील माझ्या भगिनींनीही हा एक प्रश्न विचारण्याची सवय करून घ्यावी.

नळाचा तो कापलेला तुकडा अजून आमच्या कपाटावर आहे. नातू आता मोठा झाला आहे. घरी येणाऱ्या मित्रांना तो तुकडा उजेडात धरून दाखवितो आणि म्हणतो, “आमची आजी ह्यातलं पाणी पीत होती!” मी त्याला दुरुस्त करते, “आजीच नव्हे रे, तूसुद्धा.”